गुळाच्या काट्यावर

दस्तगीर नदाफ म्हणाला, बॉक्सवरचा आकडा खरा धरू नकोस भावा,
काट्यावर घाल.

म्हणून रविवारी सकाळी मार्केट यार्डात,
तवनाप्पांच्या अडतीत,
जिथं ढेपा तोलतात त्याच लोखंडी पाट्यावर
मी चाक ठेवलं. टायर उतरवून, धुऊन.

गाडीबरोबर आलेलं: साडेदहा किलो.
तवनाप्पांनी सवयीनं त्यावर नख ओढलं,
बोट तोंडाजवळ नेलं, आणि स्वतःशीच हसले.

मग दस्तगीरनं एका दिवसाच्या बोलीवर आणलेलं,
ठोकून घडवलेलं, माझ्या ऐपतीबाहेरचं:
सहा किलो नऊशे.
एका हातात धरून मी ते उगीचच दोनदा उचललं.
दुसऱ्याचं पोर कडेवर घेतात तसं,
परत द्यायचंय हे माहीत असून.

बायको म्हणाली, एवढे पैसे वजन उतरवायला?
मी रोज रंकाळ्याला चकरा मारतो, फुकट.

तिला कसं सांगू,
स्प्रिंगच्या वरचं वजन गाडी सोसते,
स्प्रिंगखालचं तिला फरफटत न्यावं लागतं.
डोक्यावरचा भारा परवडतो,
पायातली ओली वहाण नाही.
खड्ड्यात उतरलेलं चाक किती लवकर रस्त्यावर परत येतं,
प्रश्न एवढाच आहे
आणि कोल्हापुरात तो दर पन्नास फुटांवर विचारला जातो.

बाबा बारदानावर बसून ऐकत होते.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत.
पंपाची बॉडी, ट्रॅक्टरची हाउसिंग,
सगळा माल किलोवर जायचा.
जड निघालं तर पैसे.
त्यांच्या त्या किलोंवर मी शिकलो
आणि आता नसलेल्या किलोंचे पैसे मोजायला
त्यांना सोबत घेऊन आलोय.

शेवटी मी पिशवीतून माझं काढलं.
स्वस्त. काळं. बारीक दहा काड्यांचं,
फोटोत बघून तीन रात्री झोप उडालेलं.
सात किलो शंभर.
दस्तगीर काही बोलला नाही, तिथंच मला कळायला हवं होतं.

बाबा उठले.
चाकाच्या भोकात बोट घालून त्यांनी ते अधांतरी धरलं
आणि पान्याच्या टोकानं हलकेच मारलं.

बद्द.

जुन्या चाकाला मारलं, ते घाटीसारखं वाजलं, वाजतच राहिलं.
पलीकडचा हमाल वळून बघायला लागला.

"हे हलकं न्हाई," बाबा म्हणाले,
"उपाशी हाय.
धातू कुठनं काढला, ते इचार."

मी विचारलं नाही. पिशवीत घातलं.

शेवटी घेतलं ते एक इंच लहान,
रंग राखाडी, दिसायला बेताचं.
आधी ओतलेलं, मग गरम असतानाच फिरवत दाबलेलं,
कडेला थापून पातळ केलेल्या भाकरीसारखं.
सात किलो आठशे. वाजवून घेतलं.
चारांत मिळून दहा किलो आठशे वाचले.
तवनाप्पांनी हिशेब करून सांगितला:
एक ढेप, आणि वर मुलांना चाटायला.

पुढच्या रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो.
शेजारच्या सीटवर चौऱ्याऐंशी किलोंचे बाबा,
मांडीवर डबा.
ढेपेचं सगळं गणित तिथंच बुडालं.
पण वळणावर स्टेअरिंग हातात आधी बोललं,
मी नंतर फिरवलं, असं काहीतरी झालं.
सांगता येत नाही. खड्डा आला आणि गेला.
डब्याचं झाकण वाजलं नाही.

वाघबीळला त्यांनी गाडी थांबवायला लावली.
उतरले. वाकले. गुडघा कुरकुरला.
चारही चाकांवर बोटाच्या पेरानं टकटक करून आले,
प्रत्येक वेळी कान जवळ नेऊन.

मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"नट," ते म्हणाले,
"शंभर किलोमीटर झालं की परत आवळ."