मागचा अर्धा

शेवटची फेरी दिवाडीला टेकली.
दोन स्कूटर उतरल्या, पदेराची रिकामी टोपली उतरली,
एक कुत्रा उतरायचा राहिला.
इंजिन बंद करून कैतान वर आला, हात तेलाचे,
म्हणाला, दाखव बघू तुझं ते डबडं.

ना वायर, ना टीव्ही, सगळं त्याच्याच पोटात.
बॅटरी बावीस टक्के.
त्याचं डोकं मोठं, पट्टा सैल करावा लागला,
भिंगांवर लगेच त्याच्या घामाची वाफ.

व्हिडिओ त्याच्या ऑर्विलनंच पाठवलेला:
नॉर्वेत कुठंतरी, क्रूझच्या डेकवर,
ड्युटी संपल्यावर तिपाई रोवून काढलेला.
चौदा जीबी. चहावाल्याच्या वायफायवर
उतरवायला दोन रात्री गेल्या.

मी बाहेरून बघत होतो.
बाहेरून काय दिसणार,
एक म्हातारा, तोंड उघडं, हात पुढे,
दिवे गेल्यावर काडेपेटी चाचपतात तसे.
म्हणाला, 'बर्फ.'
म्हणाला, 'रंग आमच्या बोटीपेक्षा बरा मारलाय.'
मग कितीतरी वेळ काही नाही.
मग, 'आयलो! बारीक जाला रे.'

मला ठाऊक होतं, मी आधी पाहिलेलं:
लाल जाकीट, नाक पुसत तो येतो,
कॅमेऱ्याचं काहीतरी नीट करतो,
इतक्या जवळून की दाढी करताना कापलेलं दिसतं,
आणि उजवीकडून मागे जातो.

कैतान त्याच्यापाठोपाठ वळला,
गुडघा रॅम्पच्या साखळीवर आपटला तरी वळला,
आणि थांबला.
'लाइट गेली?'

गेली नाही, म्हटलं. तो कॅमेरा अर्धंच बघतो,
समोरचं. मागचं काढलेलंच नसतं.

ऐकलं की नाही कोण जाणे.
त्या काळ्याकडे तोंड करून उभा,
पाठीला अख्खा डोंगर, पांढरे पक्षी, कुणाकुणाचं हसणं.
खाली भरती लागलेली,
मांडवी बोटीला किंचित किंचित उचलत होती.

'ह्याच बाजूला गेला न्हू?'
हो.
'मग हांगाच रावतां.'

सहा टक्क्यांवर यंत्र कुरकुरलं. त्यानं काढून दिलं,
डोळ्यांभोवती लाल वळ, नाकावर तेलाचं बोट.
भिंगं शर्टानं पुसायला लागला, मी नको म्हटलं.

पलीकडे सांपेद्रच्या धक्क्यावर
कुणीतरी हॉर्न वाजवत होतं,
फेऱ्या संपल्या हे माहीत नसलेलं कुणी.
कैतान थोडा वेळ तिकडे बघत राहिला.
मग खाली गेला. इंजिन खोकलं, लागलं.
कुत्रा तसाच, रॅम्पवर.