मानस

पहिल्यांदा मी गोळ्या एकदम सोडल्या.
शिगमा झाला होता, बरं वाटत होतं,
आता कशाला उगाच, म्हटलं.
चौथ्या दिवशी नार्व्याच्या रस्त्यावर
डांबर एका बाजूने उचललं गेलं,
चटईचं टोक कुणी धरावं तसं,
आणि मी नुस्तेकान्नीच्या टोपलीशेजारी बसून राहिले.
ऊन लागलं असेल, ती म्हणाली.
मीही म्हटलं, ऊनच.

बांबोळीच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.
पुन्हा सुरू करा, म्हणाल्या, मग उतरू,
एकेका पायरीवर महिना महिना थांबून.
आता उल्हास चष्मा लावून गोळी कापतो.
कण सांडला तर बोट ओलं करून टिपतो,
सोनाराच्या घरचा असल्यासारखा.

कानातला आवाज पायऱ्या मोजत नाही.
वीस वर्षं मुलांना पेटी शिकवली,
म्हणून पहिल्याच रात्री उठून शोधलं, कुठला सूर आहे:
काळी चार आणि पांढरी सहा
यांच्या मधल्या फटीत,
जिथे पेटीला पट्टीच नाही.
भाता न ओढता कोण गातं हे?
श्वास घेत नाही, समेवर येत नाही.
पंखा लावून झोपते, थंडीतसुद्धा.
वीज गेली की घरात
तो एकटा जागा, आणि मी.

चवथीला माटोळीकडे वर बघू नकोस, असं बजावलं होतं.
बघितलं.
नारळ, तवशी, सुपारीचे घोस
एक फेरी मारून जागेवर आले.
आरतीत मी खांबाला धरून उभी.
जाऊबाई म्हणाल्या, किती तल्लीन होतेस गं.

डोळे वळवले की कवटीत फडफड,
ट्यूबलाइट लागण्याआधी करते तशी.
लागत मात्र नाही.

संध्याकाळी फेरीबोटीने दिवाडीला जाते,
काम नसताना. चालत्या माणसाला तिकीट नाही.
बोट सुटते, स्कूटरवाले पाय टेकवतात,
बायका कठड्याला धरतात,
आणि सबंध दिवसात पहिल्यांदा
मी काही न धरता उभी असते.
इथे सगळ्यांचीच जमीन हलते.
खलाशी एकदा म्हणाला, बाय, तुमका संवय आसा.
आहे, म्हटलं.

पलीकडे खाजनाच्या बांधावर
कायतान मानशीच्या फळ्या सांभाळतो.
मानस म्हणजे मनच ना, मी विचारलं.
तो हसला. मानस म्हणजे दार गे,
खाऱ्या पाण्याचं.
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
ते बिघडलं की मग फळ्या हाताने.
सगळ्या एकदम काढल्यास तर बांध जाता.
सवकास.
त्याने एक फळी वर घेतली, चार बोटं,
आणि पाणी असं गरगरलं
की मी झटकन दूरच्या माडावर नजर लावली,
ज्याला चुन्याचा पट्टा आहे.
मोजत राहिले. एकोणीस. वीस.
कायतान काही बोलला नाही,
आपला हात मात्र
माझ्या कोपराजवळ, न लावता, ठेवून होता.

मला कुणी विचारत नाही, आधी काय होतं,
गोळ्या कशासाठी होत्या.
मीही आता नीट सांगू शकणार नाही.
एक पावसाळाभर पेटीचं झाकण उघडलं नव्हतं,
एवढं आठवतं.

परतताना, तिन्हीसांजेला,
पोदेर सायकलवरून आला.
त्याचा रबरी भोंगा: पांढरी सहा, जरा उतरलेली,
म्हणजे तीच फट, तीन सप्तकं खाली.
वाजला,
आणि कानातला त्याच्यावर असा बसला
की मला दोन ऐकू येईनात.
परत वाजव, म्हटलं.
त्याने वाजवला. परत, म्हटलं.
सहा पाव घेतले.
आम्हाला दोन पुरतात.