गारांची शेळी

अल ऐनला भर दुपारी गारा पडल्या,
दहाच मिनिटं.
बोगनवेल पार ओरबाडलेली,
आणि बाग पांढरीफटक.

मला हिरवळीवर ससा दिसला,
नळापाशी पाय आत ओढलेलं कासव.
भराभर फोटो काढले,
विरघळायच्या आत.

माळी गुलबाझ म्हणाला, ससा कुठला, शेळी आहे.
डावा कान बघा, दुमडलेला.
उकिडवा बसला. हात मात्र लावला नाही.
"माझ्याही फोनवर काढा."
काढला.
मला काही तो कान दिसेना.

संध्याकाळी हिरवळ नुसती ओली.
पाइप गुंडाळता गुंडाळता तो हसत आला,
स्पीकरवर स्वातहून आईचा आवाज,
पश्तोत, चांगलाच चढलेला.

"काय म्हणतेय?"
"म्हणते, एवढ्या थंडीत
हिला बाहेर कुणी सोडलं?"