डब्यातली पाटी

ज्या गावात उंबरा पाटीच्या दगडाचा,
कुंपणं पाटीच्या दगडाची,
आणि मागच्या खिडकीतून आभाळाच्याही आधी दिसतो
खाणीने टाकून दिलेल्या फुटक्या पाट्यांचा डोंगर,
त्या वेल्समधल्या गावात मी पाटी विकत आणली
डब्यातून. एक लिटर. मॅट काळी.

दुकानातली माबली म्हणाली,
"दोन हात द्या. मध्ये चार तास.
मग तीन दिवस बोट लावू नका.
आणि लिहिण्याआधी अख्ख्या भिंतीवर
खडू आडवा धरून घासा, पुसून टाका.
नाहीतर पहिलं लिहिलेलं जात नाही."
मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

फ्रिज आणि मागचं दार यांच्यामधली भिंत.
वॉलपेपर सोलला, खालून हिरवा निघाला,
त्याखालून गुलाबी.
आईच्या हौशी, एकीवर एक डिंकाने बसलेल्या.
पॉलिशपेपरची धूळ बटाट्यांवर बसली.
बाबा खुर्चीतून बघत होते,
सुतारकाम येणाऱ्या माणसाने
न येणाऱ्याकडे बघावं तसे.

सुरुंगांनी त्यांचे कान कधीच खाल्ले.
मी त्यांच्याशी ओरडून बोलते.
ओरडताना माणूस कामापुरतंच बोलतो:
गोळी. जेवण. दार लावा.
आज मेंढ्यांच्या पाठीवर धुकं कसं बसलं होतं,
हे कुणी ओरडून सांगत नाही.

दुसऱ्याच रात्री ते स्वयंपाकघरात उभे होते
काहीतरी शोधत, काय ते विसरून.
भिंतीला अजून रंगाचा वास होता.
मला राहवलं नाही. खडू उचलला,
लिहिलं: चहा?

त्यांनी चष्मा लावला. दोन अक्षरं आणि एक आकडी
एखादा करारनामा वाचावा तशी वाचली.
"हो," म्हणाले. "कर."
मग बोटाचं हाड भिंतीवर आपटून बघितलं.
"खोटी आहे. खरी पाटी घंटेसारखी वाजते."
ऐकू तर काहीच आलं नसणार.
हाडालाच कळलं असेल.

मग भिंत बोलायला लागली.
एमरिस पोस्टमनला नवा गुडघा बसवला.
नेस्ताच्या मेंढीला तिळी झाली, एक काळं.
चॅपलचं छप्पर पुन्हा गळतंय
(यावर ते पंधरा मिनिटं बोलले,
कुणी घातलं होतं, खिळे कसले वापरले होते).
मी लिहायची, ते मोठ्याने उत्तर द्यायचे,
आमच्या गप्पांची एक बाजू
अख्ख्या गल्लीला पाठ झाली.

फेब्रुवारीत एका सकाळी भिंतीवर त्यांचं अक्षर.
पहिल्यांदाच. एकाखाली एक:
डचेस. काउंटेस. लेडी.
छपराच्या पाट्यांची मापं ती, खाणीतली जुनी नावं.
आणि खाली, तिरकं:
"तेवीस वर्षं सगळ्यांना गुडघ्यांत धरून तासलं.
तुझ्या आईला सांगू नकोस."

आई जाऊन अकरा वर्षं झाली.
मी बराच वेळ खडू हातात धरून उभी.
मग लिहिलं: सांगितलं. हसली.
त्यांनी वाचलं, आणि बूट शोधायला गेले.

माबली परवा आली, भिंत बघून म्हणाली,
"तरी मी सांगत होते."
कारण काहीही पुसा, ओल्या फडक्याने, व्हिनेगरने,
सगळ्याच्या तळाशी ते उरतंच,
राखाडी, धुरकट: चहा?
डचेसच्या मधून, मेंढीच्या पोटातून, किराणा यादीच्या आडून.
पाटी कोरी म्हणून होत नाही.
तिने उरलेला अर्धा डबा फुकट दिला, एक हात मारा म्हणाली.
सिंकखाली आहे, ब्लीचच्या मागे.

पहाटे साडेपाचला मी अंथरुणातच असते.
खाली दिवा लागतो. खुर्ची सरकते.
भिंतीवर रात्रीच सगळं पुसलेलं असतं,
नव्याने कुणी काही लिहिलेलं नसतं.
तरी जिन्यावरून आवाज वर येतो,
पलीकडे नेस्तालाही जाग येईल एवढा:
"हो. कर."