सहातली तिसरी

बाटली आडवीच वर आली,
बस्त्यावच्या दोन्ही तळव्यांवर, पायरी पायरी करत,
कोरड्या विहिरीत, सातव्या पायरीशी जांभ्यात कोरलेल्या कोनाड्यातून.
तिथे मे महिन्यातही पारा चोवीसच्या वर जात नाही.
"बोर्दोत तळघरां तेराक असतत," तो म्हणाला,
"हयसरचा एक वरस म्हणजे थयसरची दोन."
मी मान डोलावली. वेंगुर्ल्यात लोखंडाचंही तेच होतं.

मला बोलावलं ते नाकासाठी.
तीस हंगाम मी आंब्यांची आढी लावते,
देठाशी नाक नेलं की सांगते: हा मंगळवारी, हा शुक्रवारी.
दारूतलं मला कळत नाही, असं मी दर वेळी म्हणते
आणि दर वेळी तो दुसरा पेला पुसून ठेवतो.

जहाजावर छत्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे पेले भरले.
निवृत्तीला कप्तानाने विचारलं, घड्याळ हवं की ही पेटी?
पिएदाद अजून त्या घड्याळाचा विषय काढते.

बूच निघालं. त्याने ते दिव्याशी धरलं.
खालचा नखभर भाग जांभळा, वर कोरडं.
"बरा आसा."
मग इनॅमलच्या पांढऱ्या ताटावर पेला तिरका.
मध्ये रंग अजून करवंदाच्या रसाचा,
पण कडेला, केसभर, विटेची छटा.
ती २०२० साली नव्हती.
वहीत बघितलं. नव्हतीच.

वास आधी काहीच नाही.
मग शिसपेन्सिलीचं टोक, तंबाखूचा रिकामा डबा.
"आणि ता काळा फळ, कासीस."
कासीस मी बघितलेलं नाही. मी जांभूळ म्हटलं,
गर संपून नुसती बी चोखताना लागतं ते.
त्याने वहीत जांभूळच लिहायला लावलं.

घोट घेतला. हिरड्या आवळल्या.
काजूचा बोंडू खाल्ल्यावर जिभेचं चामडं होतं तसं,
पण बोंडू घशात ओरखडतो
आणि हा गालांच्या आतून
बारीक रेतीसारखा सावकाश उतरत गेला.
"दात आसत अजून!" बस्त्याव खूश.
त्याचे स्वतःचे वरचे पाच गेलेत.

आता कोणी बोलायचं नाही.
गिळल्यावर चव किती टिकते, ते तो
खडकावरच्या बत्तीच्या फेऱ्यांनी मोजतो.
उजेड पाण्यावरून आला, गेला. एक.
दोन.
तिसऱ्याला मला वाटलं संपली. त्याने बोट वर धरलं.
चौथ्याला काहीतरी परत आलं,
गोड नाही, आंबट नाही,
आढीचा पेंढा उलटताना हाताला ऊब लागते
आणि तिच्याबरोबर जो वास येतो, तसं.
पाच.

"तर?"
कैरी पाण्यात टाकली की तयार ती बुडते, कोवळी तरंगते.
ही कशात टाकून बघायची?
तो पेला फिरवत राहिला, उगाच, बराच वेळ.
"चांगलो जातलो. पण आता नाय. आठ वरसां. धा म्हण."

पिएदाद आत बांगडे साफ करत होती. तिने मोठ्याने मोजलं:
"बहात्तर आणि धा."
मग पाण्याचा आवाज.
"मगे पितलो कोण?"
"आसात तो."

त्याचा हात कापतो, म्हणून मी लिहिलं:
तिसरी. कड विटेची. पाच फेरे. राखणे.
"राखणे"खाली रेघ मारायला सांगितली.
मग खोडायला सांगितली. रेघ. शब्द नाही.
उरलेली बाटली बांगड्यांच्या तिखल्याबरोबर संपली.
हे नियमात बसत नाही, असं म्हणून
त्यानेच पुन्हा पेले भरले.

सकाळी भांड्यांना मी गेले, पिएदादचा गुडघा सुजलेला.
माझ्या पेल्याच्या तळाशी सुकलेलं जांभळं कडं.
नाक आत घातलं आणि पेला तसाच हातात राहिला.
काल संध्याकाळभर आम्ही ज्याची वाट बघितली
तो वास रिकाम्या काचेत येऊन बसला होता.
बस्त्याव झोपलेला, तोंड उघडं.
वहीत तारखेखाली बोटभर जागा होती.
जांभूळ नव्हतं, पेंढा नव्हता, मला नाव सापडेना.
लिहिलं:
सकाळी साडेसहा. आला.