पहिले आठ बाइट

नानांनी विचारलं, तू दिवसभर करतेस काय नक्की?
विडी घरकुलातली खोली, मांडीवर लॅपटॉप,
शेजारी अम्माच्या सुपात कापलेली तेंदूपानं.
म्हटलं, कंपायलर.
माणसाचं लिहिणं यंत्राला समजेलसं करून देणारा.
म्हणाले, म्हणजे आमचा ग्राफवाला.
चित्राच्या चौकटी, चौकटींची पुठ्ठ्यावर भोकं.
जवळपास तेच, म्हटलं.

मग ते अडले, जिथे सगळे अडतात.
ओळीत लिहिलंय: कापडाला सांग, विण.
आता कापड चादर निघेल की टॉवेल
हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही,
कंपायलरलाही नाही.
मग विणतं कोण?

नाना, मंगळवार बाजारात तुम्ही विचारता,
कसं दिलं?
एक टोपली कन्नडमध्ये भाव सांगते, दुसरी तेलुगूत.
प्रश्न तोच. उत्तराचा पत्ता ज्याच्या त्याच्या खिशात.

खिशात म्हणजे कुठे? नाना सोडत नाहीत.

वस्तूच्या अगदी सुरुवातीला आठ बाइट.
लिहिणाऱ्यानं ते लिहिलेले नसतात,
कंपायलर गुपचूप शिवून टाकतो,
चादरीच्या काठात कारखान्याची चिठ्ठी शिवतात तसे.
त्यात एक पत्ता. पत्त्यावर एक तक्ता.
पहिल्या घरात ‘माप दे’, दुसऱ्यात ‘विण’, तिसऱ्यात ‘घडी घाल’.
अख्ख्या कुळात घरांचा क्रम तोच,
घरात राहणारा वेगळा.
बोलावणारा एवढंच म्हणतो: दुसरं घर.
आणि तिथे जे ठिकाण लिहिलंय तिकडे उडी.
दोन हेलपाटे जास्त पडतात, बस.

नाना हसले. बटण तेच,
वर जी माळ टांगलीय ते डिझाइन पडतं.

मी खूश.
पण लगेच म्हणाले, मोराचे चार माग, तर माळा चार.
पंच ठोकून ठोकून चारदा तीच भोकं पाडलीत मी.
तुझ्यात?
एकच, नाना. लाख चादरी असल्या तरी तक्ता एक.
सगळ्या त्याच्याकडे नुसतं बोट करतात.

ते उजव्या अंगठ्याकडे बघत राहिले.
आधी यायचं होतंस की गं, म्हणाले.

एक गोष्ट मी सांगितली नाही.
वस्तू घडताना आधी बापाचा भाग घडतो,
आणि तेवढा वेळ त्या आठ बाइटांत
बापाच्याच तक्त्याचा पत्ता असतो.
तेव्हा कुणी हाक मारलीच
तर ओ बापाची येते.
मग पत्ता बदलतो.
चौथीपर्यंत मी शाळेत नीळ्ळूच मागायचे,
बाई म्हणायच्या, पाणी म्हण.

मोडताना उलटं.
आधी आपलं उतरतं,
शेवटी पुन्हा बापाचा पत्ता.
कोमरय्यामामा, मराठी शाळेत तीस वर्षं शिपाई,
सिव्हिलमध्ये शेवटच्या आठवड्यात
नर्सला नीळ्ळू नीळ्ळू म्हणत होता,
आणि ती बार्शीकडची पोरगी
प्रत्येक वेळी खिडकी उघडत होती.

नानांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला.
माग भंगारात किलोवर गेले,
हे पुठ्ठे तेवढे राहिलेत.
त्यातला एक कोरा. एकही भोक नाही.

आमच्यातही असतं असं घर, म्हटलं.
नाव आहे, काम नाही, ते पुढच्यानं भरायचं.
भरायच्या आत कुणी हाक मारली
तर प्रोग्राम जागच्या जागी मरतो.

मरतो?
नानांना ते पटेना.
कोरा पुठ्ठा आला म्हणून माग मरत नाही.
त्या ओळीत फूल उमटत नाही, एवढंच.
धोटा जातो, धोटा येतो.

पुठ्ठा त्यांनी ट्यूबलाइटपुढे धरला,
कोऱ्यात काय वाचत होते कोण जाणे.
अम्मा म्हणाली, उजेड सोडा आधी,
माझी तीनशे व्हायचीत अजून.