उलटी मोटर

एप्रिलच्या अठराला, पारा त्रेचाळीसवर,
सातवी ब च्या फळ्यावर मी आठ वर्तुळं काढली
आणि एकेकाला बाण दिला.
सहा बाण एकीकडे.
युरेनस आडवा, कुशीवर लवंडलेला.
शुक्राचा बाण काढताना खडू मोडला.

मृणाली निनावे उठली, वेण्या दोन, रिबन एकच:
"मॅडम, शुक्राले कोनं उलटं फिरवलं?"

पुस्तकात आहे तेवढं सांगितलं.
वायूचा, धुळीचा एक ढग होता, स्वतःभोवती फिरत आकसत गेला,
त्याची गिरकी त्यातून झालेल्या सगळ्यांच्या वाट्याला आली,
जशी घरातली बोली येते, न मागता.
मग शुक्रावर काहीतरी आदळलं असेल.
किंवा नसेलही. त्याची हवा फार जड;
सूर्य तिला कोट्यवधी वर्षं ओढत राहिला
आणि तिनं त्याला थांबवत थांबवत मागे वळवलं असेल.
"असेल म्हंजे?"
घंटा झाली. घंटेचे उपकार.

पाचपावलीत घरी आले तर कुलर सुरू
आणि खोली भट्टीसारखी.
मोटर कालच हेडाऊ मिस्त्रींकडून भरून आणलेली,
आवाज खणखणीत, पाणी ताट्यांवरून नीट झिरपतंय,
वाळ्याचा वास मात्र खिडकीबाहेर.
मागच्या गल्लीत धकात्यांची बकरी
आमच्या गारव्यात डोळे मिटून बसलेली.

मिस्त्री आले, ओठांत टेस्टर धरून वाकले.
"नवा पोट्टा लावला ना कामावर,
दोन तारा अदलाबदल केल्या त्यानं.
मोटरीले काय समजते, सीधं काय अन् उलटं काय,
थे आपली फिरून राह्यली."
मग हसले: "तसं गल्लीतून पाहा, सीधीच दिसन."

मी चप्पल घालून गेले, पाहिलं.
खरंच. आत डावीकडे फिरणारं पातं
बाहेरून उजवीकडे फिरत होतं.
पण एकाच जागी उभं राहून आठही मोजले
तरी शुक्र वेगळाच पडतो, मिस्त्री.
हे त्यांना सांगून टाकलं, का कोण जाणे.
त्यांनी स्क्रू दाताखाली धरला, विचार केला,
"मंग तो हवा कुठं फेकते?"

मी हैदराबादची नोकरी सोडून आले त्या वर्षी
आईनं पत्रिका काढली होती. ग्रह फिरलेत म्हणाली,
शुक्र वक्री आहे.
ते वेगळं, आई. वक्री म्हणजे इथून पाहताना
मागे सरकल्याचा भास.
हा भास नाही. हा खरोखरच उलटा,
आणि किती सावकाश: एक गिरकी
आपल्या दोनशे त्रेचाळीस दिवसांची,
त्याच्या स्वतःच्या वर्षाहून लांब.
बॅगा घेऊन दारात उभी होते तेव्हा मामा म्हणाले,
आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटते.
तिथं पश्चिमेलाच उगवतो, मामा.
तिथं कोणी असतं तर
त्याला सकाळ म्हटलं असतं.

मिस्त्रींनी तारा सोडवल्या, पिळल्या, काळी टेप मारली.
बटण दाबलं.
ओला वारा सरळ तोंडावर आला,
टेबलावरचे सातवी ब चे पेपर उडाले,
मी ते गोळा करत फरशीवर बसले.
पैसे घेतले नाहीत. "आमचीच चूक, मॅडम.
पण तुमच्या शुक्राचा पोट्टा सापडला
तर नाव सांगा."

सापडलेला नाही.
उद्या पहिल्याच तासाला हे असंच सांगायचं आहे:
कोणी पाहिलं नाही, मृणाली,
दोन अंदाज आहेत, दोन्ही लिहून घे,
खाली चार ओळी कोऱ्या सोड.

गल्लीत बकरी उठली,
बंद पडलेल्या गारव्याकडे थोडा वेळ पाहिलं,
अंग झाडलं
आणि गोळीबार चौकाच्या दिशेनं
भर उन्हात निघून गेली.